गडव्याच्या झाडाला दिलेला ताण

पांढुर्ण्यात माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून उरलेलं ऐकायची पद्धत आहे. सौसरकडचे लोक तीन चतुर्थांश वजा करतात, कारण तिकडे माझी सासुरवाडी आहे आणि त्यांनी मला जास्त जवळून पाहिलंय. माझी तक्रार नाही. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं मोटरपंपाचं आणि पाइपांचं दुकान आहे. शेतकरी येतो, मोटर पाहतो, भाव ऐकतो आणि मटकन बसतो. बसलेल्या माणसाला काहीतरी द्यावं लागतं. चहा शेजारचा ठेलेवाला देतो, बाकीचं मी देतो.

एका उन्हाळ्यात तिगावच्या स्टेशनात रूळ असे काही वाकले की इटारसीकडे निघालेली गाडी गोल फिरून परत नागपूरला लागली आणि घरी जाऊन चप्पल काढेपर्यंत कोणाला कळलं नाही, हे मीच सांगितलेलं आहे. माझ्याकडून नेलेल्या मोटरनं शेजारच्या विहिरीतलं पाणी बेडकांसकट ओढलं आणि ते बेडूक आता त्या माणसाच्या संत्र्यांची राखण करतात, हेही माझंच. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा तो माझ्या एका शब्दावर कसा झाला, हे मी इतक्या जणांना सांगितलं की काही लोक अर्ज घेऊन दुकानात यायला लागले.

अशा माणसाच्या घरात एक दिवस खरोखरचं किडे खाणारं झाड आलं. आता त्यानं काय करावं, तुम्हीच सांगा.

झाड माझ्या मुलीनं आणलं. एकच मुलगी. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. दुकानात मी सांगायचो की अर्ध्या पुण्याचे दिवे ती बोटानं लावते आणि विझवते. दिवाळीला आली तेव्हा पाठीवर बॅग आणि दोन्ही हातांत एक टांगायची कुंडी. अख्ख्या प्रवासात तिनं ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती. मी स्टेशनावर घ्यायला गेलो तर पाया पडायच्या आधी तिनं कुंडी माझ्या हातात दिली.

लांब हिरवी पानं. प्रत्येक पानाच्या टोकातून एक दोरी निघालेली, आणि दोरीच्या शेवटाला लोटा. खरोखरचा लोटा, पोटाला फुगीर, तोंडाला लालचुटूक काठ, वर झाकण. पुस्तकात त्याला घटपर्णी म्हणतात असं मुलगी म्हणाली. बायकोनं दारातच पाहिलं आणि म्हणाली, "हे तं गडवे लटकून राहिले." गडवा म्हणजे आमच्याकडचा पाणी प्यायचा लोटा. त्या दिवसापासून ते गडव्याचं झाड झालं.

"बाबा, हे तुमच्यासाठी हाय," मुलगी म्हणाली. "आता एक गोष्ट तरी खरी सांगता येईन तुम्हाले."

मग तिनं नियम सांगितले. नळाचं पाणी नाही, बोअरचं तर बिलकुल नाही, फक्त पावसाचं किंवा बॅटरीत टाकतात ते. खत नाही. माती नाही, कुंडीत ते वाळल्या शेवाळासारखं भरलंय तेच राहू द्यायचं. आणि मुळं सुकू द्यायची नाहीत, कधीच.

बायको सौसरजवळच्या रामाकोन्याची. संत्र्याच्या बागेत वाढलेली. झाडाबद्दल तिला कोणी शिकवावं हेच तिला नवीन होतं.

"पाणी नाई, खत नाई, माती नाई," ती म्हणाली. "मंग हे जगते कशावर?"

"किड्यांवर, आई."

"अन् ते कोण आणून देईन?"

"त्याचं ते पाहते."

बायकोनं मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बापलेकीनं मिळून रचलेली गोष्ट आहे, असं तिला वाटलं. तेवढ्यात एक मुंगी दोरीवरून चढली, लाल काठावर थांबली, काठाचा गोडवा चाटत थोडी पुढे सरकली आणि आत गेली. बायकोनं डोकावून पाहिलं. "माय," एवढंच म्हणाली, आणि कुंडी उचलून तुळशीपासून आणि स्वयंपाकघरापासून जितकी लांब नेता येईल तितकी लांब, बैठकीच्या खिडकीत नेऊन टांगली. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजलेलं नाही.

पुढे तिचं त्या झाडाशी जमलं, पण तिच्या अटींवर. एकादशीला ती प्रत्येक गडव्याच्या तोंडावर मलमलचं फडकं बांधायची. "आज त्याचा उपास हाय," ती म्हणायची. "घरात राहते तं घरासारखं राहीन." द्वादशीला सकाळी फडकी सुटायची. मी दुकानात सांगितलं की झाड द्वादशीला पारणं सोडताना ढेकर देते. पण एकादशीचं फडकं खरं होतं, आणि नेमकं त्याच्यावरच कोणाचा विश्वास बसला नाही.

कशावरच बसला नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगत होतो आणि लोक सवयीनं वजाबाकी करत होते. बॅटरीवाल्याकडे पाणी आणायला गेलो तर तो म्हणाला, "भाऊ, घरी बॅटऱ्या किती हायेत तुमच्या?"

"एक पण नाई. झाड पिते."

त्यानं रिवाजानुसार निम्मं वजा केलं. "बरं," म्हणाला, "म्हणजे तुम्ही पिता."

मुलगी अजून घरीच होती तेव्हा माझा शेजारी, खताच्या दुकानाचा मालक, स्वतः पाहायला आला. तीस वर्षांचा दोस्त. मी दुकान उघडायच्या आधीपासून माझ्या गोष्टींतून निम्मं वजा करणारा पहिला माणूस तोच. त्यानं खुर्ची झाडासमोर ओढली. एक माशी आली, काठावर बसली. तो श्वास रोखून बसला. माशी घसरली, आत पडली, थोडी भणभणली, थांबली.

"झाकण कधी बंद होते?" त्यानं विचारलं.

"होतच नाई, काका," मुलगी म्हणाली. "ते झाकण पाऊस आत पडू नये म्हणून हाय."

"मंग हे करते काय?"

"काहीच नाई करत. तोंडाले गोड लावते. येणारा आपणहून घसरते. बाबांच्या दुकानासारखं."

तो इतका हसला की चहा सांडला. पण जाताना दाराशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, पोट्टी हुशार हाय. पण झाड तेवढं जमलं नाई. निदान झाकण तरी लावाले पाहिजे होतं." म्हणजे डोळ्यांनी पाहूनसुद्धा त्यानं निम्मं वजा केलं.

मुलगी पुण्याला परत गेली आणि मग फोनची रीत पडली. रोज संध्याकाळी, दुकान बंद करून मी घरी आलो की तिचा फोन. नमस्कार नाही, 'जेवले का' नाही. पहिला प्रश्न, "बाबा, आज काय खाल्लं त्यानं?"

"उंदीर," मी सांगायचो. "शेपटी बाहेर लटकून राहिली. आई शेपटीले धरून ओढून राहिली."

"बाबा, खाली या."

हे आमच्या संत्र्याच्या बाजारातलं बोलणं. व्यापारी बागेचा भाव फोडतो, शेतकरी वर जातो आणि व्यापारी म्हणतो, भाऊ, खाली या. लहानपणी ती माझ्यासोबत सौदे पाहायला यायची, तिथूनच तिनं हे उचललं होतं.

"बरं, पाल," मी म्हणायचो.

"खाली या."

"झुरळ. पण मोठं. शेंदरी पंखांचं."

"आणखी खाली."

"दोन मुंग्या," मी शेवटी कबूल व्हायचो, आणि ती म्हणायची, "पटला सौदा."

स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "एकच मुंगी व्हती वं. मी पाहून राहिली सकाळपासून." त्या एका मुंगीवर आम्ही तिघं रोज घटकाभर भांडायचो. मी म्हातारा होत चाललो होतो आणि मुलगी लांब होती. आमच्याकडे दुसरं फार बोलण्यासारखं होतं असंही नाही.

उन्हाळ्यात झाडाचे हाल व्हायला लागले. आमचा मे महिना असा असतो की कावळा उडता उडता भाजून खाली पडतो. यातून निम्मं वजा करा, तरी पुरेसा आहे. मुलीनं फोनवर सांगितलं की त्याला ओल पाहिजे, हवेत ओल. आम्ही कूलर त्याच्याकडे तोंड करून लावला. झाड थंडाव्यात, आणि आम्ही दोघं कूलरच्या पाठीमागे गरम वाफेत हातपंखे घेऊन. पाहुणा आला की बायको सांगायची, "तिचं झाड हाय नं." पाहुण्याला कळायचं नाही, ही झाडाबद्दल बोलते की मुलीबद्दल. अशा हालांतून ते जगलं. जूनच्या शेवटी पाऊस लागला तेव्हा टिनाच्या छपराखाली ड्रम लावून मी पावसाचं पाणी भरून घेतलं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल इतकं. दुकानात मी सांगत सुटलो की या झाडानं स्टेशन रोडचे सगळे मच्छर संपवले. आमच्या घरात मच्छर औषधाला सापडत नाही. नगरपालिकेनं धुरळणीची गाडी बंद केली ती आमच्या भरवशावर.

हे मी सांगत होतो त्याच पावसाळ्यातली गोष्ट.

पुण्याहून फोन आला तो मुलीचा नव्हता, तिच्यासोबत खोलीत राहणाऱ्या मुलीचा होता. ताप आहे, दवाखान्यात ठेवलंय, घाबरू नका. आम्ही निघालो. पोचलो तेव्हा ती बोलत होती. मला पाहून म्हणाली, "झाडाले पाणी कोण देईन?" मी म्हणालो, ते आता मोठं झालं, स्वतः ड्रमातून घेते. ती खाली या म्हणाली नाही. फक्त हसली. डेंग्यू होता. त्यापुढचं मी लिहीत नाही. लिहायला बसलो की माझा हात आपोआप वाढवून लिहितो, आणि त्यात वाढवायला जागा नाही.

एवढं सांगतो. दवाखान्याच्या बाहेर येऊन मी शेजाऱ्याला, खताच्या दुकानवाल्याला, फोन लावला. घरची किल्ली त्याच्याकडे होती, गाडी येणार होती, माणसं बोलवायची होती. मी म्हणालो, "पोरगी वारली माझी."

तो रागावून म्हणाला, "भाऊ, मस्करीची पण एक हद्द असते. असं तोंडातून काढत नसतात."

मी परत सांगितलं. तो म्हणाला, "वहिनीले फोन द्या."

मी बायकोला फोन दिला. तिनं जन्मात कधी खोटं सांगितलेलं नाही, म्हणून ते वाक्य तिला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं. तिनं ते हळू आणि स्पष्ट म्हटलं, जसं ती दुधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगते. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. माझ्या गोष्टींची किंमत आजवर मी कधी दिली नव्हती, आणि द्यायची वेळ आली तेव्हा ती तिनं दिली.

तेरवी झाली, पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा खिडकीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पावसाळी हवा होती, खिडकी उघडी राहिली होती, झडीचं पाणी आत उडत होतं. त्यावर ते झाड असं काही खूश झालं होतं की त्यानं आजवरचा सगळ्यात मोठा गडवा काढला होता. माझ्या वितीएवढा. वितीपेक्षा थोडा कमीच असेल. पोटावर लाल ठिपके, काठ गाजरासारखा लाल. झाकण नुकतंच उघडलं असावं.

माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. पहिल्यांदाच मला काही वाढवायची गरज नव्हती.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिनं गडव्यात डोकावलं. आत पाण्यावर दोन-तीन मच्छर तरंगत होते.

"हे तिकडे ठेवाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "तिच्या खोलीत."

मी म्हणालो, "यानं मच्छर कमी होत नाई गं. मी आपला सांगत होतो."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तरी."

तिच्या त्या 'तरी'पाशी मी आलो की आजही पुढे जाता येत नाही. मी दुकानात सांगितलेलं तिनं कधी अर्धंसुद्धा धरलं नव्हतं. आता त्यातलं एकच वाक्य तिला खरं हवं होतं.

त्या दिवसापासून मी गोष्टी सांगायचं बंद केलं. ठरवून नाही. गिऱ्हाईक बसायचं, मी मोटरचा भाव सांगायचो आणि गप्प. ठेलेवाला म्हणाला, भाऊ, तब्येत दाखवा. खताचा दुकानवाला रोज दुपारी येऊन समोर बसायचा. एकदा तर बिचारा स्वतःच गोष्ट सांगायला लागला, की त्याच्या खतानं एका ठिकाणी विजेचा खांब वाढला. त्याला जमत नाही. मी हसलो, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

आणि खिडकीकडे पाहणं मी टाळायला लागलो. झाड बायकोकडे गेलं. ती सकाळी अंघोळ करून त्याला ड्रमातलं वाटीभर पाणी द्यायची, एकादशीला फडकी बांधायची. थंडी पडली. हवा कोरडी झाली आणि गडवे एकेक करून वरून वाळत आले, काठापासून खाली, तपकिरी कागदासारखे. नवीन पानं यायची, पण पानाच्या टोकाची दोरी नुसतीच लोंबायची. तिच्या शेवटाला गडवा धरायचा नाही.

"पानं तं येऊन राहिले," बायको म्हणायची. "गडवा काऊन धरत नाई?"

मी म्हणायचो, थंडी आहे, येईल. ती ऐकून घ्यायची. पण तिच्या डोक्यात काहीतरी चाललेलं होतं, आणि ते काय हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पानं येतात आणि फळ धरत नाही, याचा तिच्या बापाच्या बागेत एकच इलाज होता.

ज्यांना संत्र्याची बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याचं झाड सुखात असलं की नुसतं पानं काढत बसतं. त्याला बहार यावा म्हणून थंडीत त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. बुडाजवळची माती मोकळी करतात, मुळांना ऊन लागू देतात, दिवसामागून दिवस थेंब देत नाहीत. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. नवखा माणूस पाहील तर म्हणेल बाग मेली. बागाईतदार रोज जाऊन पाहतो, त्याचा जीव तीळतीळ तुटतो, पण मोटर चालू करत नाही. मग एक दिवस ठरवून ताण तोडतात. मोटरला हळदकुंकू, नारळ, आणि पहिलं पाणी सोडतात. आठ-पंधरा दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी असं लदबदतं की वास रामाकोन्याहून सौसरपर्यंत जातो. हे मी वाढवून सांगत नाही. हे कोणालाही विचारा.

बायको त्या वासात वाढली. तिचा बाप ताणाच्या दिवसांत जेवायचा कमी, असं ती सांगायची. म्हणायचा, झाडं उपाशी आहेत.

मला कळलं ते ड्रमावरून. दुकानात न्यायला एक पाइप शोधत मी मागच्या छपराखाली गेलो, तर ड्रम होता तिथेच होता. पाणी आधीच्या खेपेला पाहिलं होतं तितकंच, वर धुळीचा थर, त्यात एक वाळकं पान. मी आत आलो आणि कितीतरी दिवसांनी खिडकीपाशी गेलो.

तिनं कुंडीतलं शेवाळ बोटानं मोकळं करून बाजूला केलं होतं. काळी बारीक मुळं उघडी पडली होती, सकाळचं ऊन बरोबर त्यांच्यावर. पानं लोंबत होती. खालची दोन गळून खिडकीत पडली होती, तिनं ती उचललीसुद्धा नव्हती. गळलेलं पान उचलायचं नसतं, बुडाशी राहू द्यायचं असतं.

"हे काय केलं?" मी म्हणालो.

"ताण देल्ला," ती म्हणाली. तिच्या आवाजात लपवण्यासारखं काही नव्हतं, उलट थोडा अभिमान होता. "लाडानं नुसते पानं काढून राहिलं व्हतं ते. कूलर काय, पावसाचं पाणी काय. ताण लागल्याशिवाय कोणतं झाड बहार देते?"

मुळं सुकू द्यायची नाहीत, कधीच. हे वाक्य मला मुलीच्या आवाजात ऐकू आलं. बायकोनंही ते ऐकलेलं होतं, याच खोलीत. पण तिला वाटलं असणार की पुण्यात शिकलेल्या पोरीला झाडाचं काय कळतं. आईला असं वाटतंच. मुलगी असती तर फोनवर दोघी कडाकडा भांडल्या असत्या आणि झाड वाचलं असतं.

"आता तोड मग ताण," मी म्हणालो. "झाला तेवढा बस झाला."

"परवा," ती म्हणाली. "परवा शुक्रवार हाय."

मी तेव्हाच ड्रमातलं पाणी आणून ओतायला पाहिजे होतं असं कोणी म्हणेल. पण ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी नखानं खोड खरवडून पाहिलं होतं. बागेत हे सगळेच करतात. साल काढली की आत हिरवं असेल तर झाड जिवंत. वर तपकिरी, मध्ये तपकिरी, अगदी बुडाशीसुद्धा तपकिरी. शुक्रवार असो की कोणताही वार, आता फरक पडणार नव्हता.

शुक्रवारी तिनं काठाची साडी नेसली. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा. कुंडीला हळदकुंकू लावलं, खिडकीच्या कठड्यावर नारळ फोडला, ड्रमातलं पाणी तांब्याच्या गडव्यात भरून आणलं. शेवाळ हलक्या हातानं परत मुळांवर ओढलं. तिच्या बापाचा हात असाच चालत असेल. मग पाणी सोडलं, थोडं थोडं, बुडापासून बाहेरच्या बाजूला, जसं आळ्यात सोडतात. कुंडीखालून पाणी टपकलं तेव्हा ती थांबली.

"आठ-पंधरा रोजात फुटंन," ती म्हणाली. "नाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. माझ्याकडून खरं निघेल या आशेनं कोणी माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. मुलगीसुद्धा खाली या म्हणूनच सुरुवात करायची.

"फुटंन," मी म्हणालो.

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "तुम्ही खोटं बोलता तवा तुमचा आवाज मोठा होते," ती म्हणाली. "आता हळू बोल्ले." आणि समाधानानं नारळाचे तुकडे करायला आत गेली.

मी आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टी एका पारड्यात घाला, तो वाकलेला रूळ, ते बेडूक, तो जिल्हा. त्यातली एकही तिनं घेतली नाही. हा एक शब्द घेतला.

पुढे ती रोज पाणी देत होती आणि रोज वाकून पाहत होती, टोकाला काही फुगलं का. मी दुकानातून उशिरा यायला लागलो. रामाकोन्याच्या बागेत बहार आला. तिच्या भावानं फोन करून सांगितलं, यंदा फूल चांगलं आहे. तिनं विचारलं, ताण कधी तोडला? त्यानं सांगितलं. तिनं मनात दिवस जुळवले आणि फोन ठेवला.

त्यानंतरची एक संध्याकाळ. मी आलो तर ती खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसली होती. पानं सगळी गळलेली होती. कुंडीत नुसती काडी, आणि कुंकू तसंच लागलेलं. मी चप्पल काढली, हात धुतले, आणि सवयीनं नको तिकडे नजर गेली. काडीवर मी नखानं खरवडलेली जागा होती, बुडाशी. तिच्या थोडं वर दुसरी जागा होती. ताजी. मी केलेली नव्हती.

ही रामाकोन्याची. नखानं खोड पाहणं तिला माझ्याआधी येत होतं. इतके दिवस तिनं ते केलं नव्हतं, एवढंच.

मी दुसरी खुर्ची ओढून बसलो. बाहेर रस्त्यावर कापसाची गाडी चालली होती, गेली.

"सांगा," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता. "आज काय खाल्लं त्यानं?"

माझा आवाज मोठा निघाला. "उंदीर," मी म्हणालो. "शेपटी बाहेर लटकून राहिली होती."

"खाली या."

हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, सौद्यात कधी उतरली नव्हती.

"पाल," मी म्हणालो.

"खाली या."

"झुरळ."

"आणखी."

"दोन मुंग्या." इथे मुलगी थांबायची. इथे सौदा पटायचा. मी तिच्याकडे पाहिलं.

ती काडीकडे पाहत होती. "खाली या," ती म्हणाली.

"एक मुंगी."

"आणखी खाली या वो."

"काहीच नाई," मी म्हणालो. "काहीच नाई खाल्लं त्यानं."

तिनं मान हलवली. मग उठली, खुर्चीवर चढली. गुडघे दुखतात म्हणून मी खुर्चीची पाठ धरून ठेवली. तिनं हुकावरून कुंडी काढली आणि वरूनच माझ्या हातात दिली.